बिल पडले म्हणून गाडी घेऊ नये, पाऊस गेला म्हणून विकू नये



गाळप सुरू होते, पहिल्या पंधरवड्याची बिले खात्यावर पडतात, आणि आपल्या कार्यक्षेत्रातल्या गावोगावी एकच बोलणे कानावर येते. जेवण झाल्यावर मुलगा हळूच मोबाईल पुढे करतो. "दादा, हे बघा. एकाच मालकाची आहे. सत्तर हजार किलोमीटर पळालीय. परवापर्यंत इसार नाही दिला तर दुसरा कोणी तरी घेऊन जाईल." फोटोत असते दोन दारांची, टप निघणारी, रुंद टायरांची थार. शहरातल्या शौकिनांची स्पोर्ट्स कार जमिनीला टेकून पळते. ती आपल्या शेतरस्त्याला आली तर पहिल्याच चाकोरीत पोटावर बसेल. आपल्या पोरांची स्पोर्ट्स गाडी ती ही, आणि नवी परवडत नाही म्हणून जुनी.

ती घ्यावी की घेऊ नये, हा उपदेश आम्ही करणार नाही. हौस सगळ्यांना असते. ज्यांच्या वडिलांनी लिलावातली जीप आणून वर्षभर दुरुस्त केली, त्यांनी पोराला नावे ठेवू नयेत. आमचे म्हणणे एवढेच, की जुनी गाडी कधी घ्यावी आणि कधी विकावी याचा विचार आपल्याकडे होत नाही, आणि त्यापायी दर हंगामात सभासदांचे पैसे विनाकारण जातात.

कारण साधे आहे. आपल्या सगळ्यांचा पैसा एकाच वेळी येतो. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत. आपला कारखाना असो की शेजारचा, ते कधी कधी लांबतात, हे लपवून उपयोग नाही. पण लवकर येवोत की उशिरा, येतात ते सगळ्यांचे मागेपुढे एकाच सुमाराला. मग आपण सगळे एकाच वेळी बाजारात उतरतो. गाड्यांचा व्यापारी काही खुळा नाही. साखरपट्ट्यात बिले कधी पडतात हे त्याला आपल्या चिटबॉयइतकेच ठाऊक असते. आणि दुष्काळ येतो तोही सगळ्यांवर एकाच वेळी. म्हणून आपण विकतोही सगळे एकाच वेळी. घेताना गर्दीत आणि विकतानाही गर्दीत, असा आपला व्यवहार आहे.

यामागे एक जुना समज आहे. गाडी म्हणजे सोने, केव्हाही मोडली तरी पैसे उभे राहतात, असे पन्नाशी ओलांडलेली मंडळी अजून म्हणतात. एके काळी ते खरेही होते. १९७० च्या दशकात पुण्याच्या बजाज स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि जुनी स्कूटर नव्यापेक्षा जास्त किमतीला जाई. तेव्हा माल कमी होता आणि रांग लांब होती. रांग संपली तशी ती किंमतही संपली.

थारचेही असेच झाले. नाशिकला तयार होणारी ही गाडी नव्या रूपात ऑक्टोबर २०२० मध्ये आली. मागणी इतकी की नव्या गाडीला कित्येक महिने थांबावे लागले. त्या काळात जुन्या गाडीला जवळजवळ नव्याचाच भाव होता, आणि कोणी विकली असती तर त्याचा फायदाच झाला असता. पुढे १५ ऑगस्ट २०२४ रोजी पाच दारांची थार रॉक्स आली. कुटुंबाच्या गाडीचे गिऱ्हाईक तिकडे वळले आणि आखूड थारवर शोरूममधूनच सवलती मिळू लागल्या. तेव्हा पहिली खूण अशी, की नव्या गाडीला रांग असेल तेव्हा जुनी घेऊ नये, विकावी. नवे मॉडेल आले आणि रांग सरली की मग घ्यावी.

दुसरी खूण कराची. ३ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटी परिषदेने दर बदलले आणि २२ सप्टेंबरपासून ते लागू झाले. ट्रॅक्टरचा कर १२ टक्क्यांवरून ५ वर आला. चार मीटरच्या आतली दीड लिटर डिझेल इंजिनाची गाडी, ज्यात लहान इंजिनाची थारही येते, १८ टक्क्यांत बसली. सेस धरून पूर्वी तो कर ३१ टक्के होता. नवी गाडी एका दिवसात लाख-सव्वा लाखाने उतरल्यावर जुनी तिथेच कशी थांबेल? कर कमी होणार हे १५ ऑगस्टला पंतप्रधानांच्या भाषणातच कळले होते. तरीही "चांगली मिळतेय" म्हणून त्या पाच आठवड्यांत ज्यांनी घाईने जुनी गाडी घेतली, त्यांनी नाहक जादा पैसे मोजले. गाडीवाल्या एजंटावर विश्वास ठेवण्याआधी वर्तमानपत्र वाचावे, असे आम्ही म्हणतो ते याचसाठी.

आता आपले पंचांग पाहू. युरोप-अमेरिकेत टप निघणारी गाडी लोक हिवाळ्यात स्वस्त घेतात आणि ऊन पडायला लागले की महाग विकतात. तिकडचा हंगाम उन्हाचा, आपला बिलांचा आणि सणांचा. दसरा, दिवाळी, पाडवा, अक्षय तृतीया या दिवसांत गिऱ्हाईक जास्त. पितृपक्षात मात्र कोणी गाडी घरी आणीत नाही. त्या पंधरवड्यात व्यापाऱ्याचे पैसे गाड्यांत अडकून पडलेले असतात आणि खासगी विकणाराही जरा नमतो. आमच्या मते जुनी गाडी ठरवायची वेळ ती हीच. ज्यांच्या मनाला पटत नाही त्यांनी सौदा तेव्हा करावा, इसार द्यावा आणि गाडी घटस्थापनेला घरी आणावी. देवाचेही राहते आणि पैशाचेही.

भाद्रपदात घेण्याची आणखी तीन कारणे आहेत. एक, टप निघणाऱ्या गाडीत पाणी गळते का, हे पावसातच कळते. दोन, आपल्याकडे खरा पाऊस बहुतेक सप्टेंबरात पडतो. तोवर विहिरीचे आणि धरणाचे चित्र डोळ्यांसमोर असते, म्हणजे पुढच्या हंगामाला ऊस किती उभा राहील हे समजते. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. बिल डिसेंबर-जानेवारीत आले आणि पैसे तसेच ठेवले, तर मधे आठ-नऊ महिने जातात. खोडव्याचे खत, पोरांची फी, एखादे लग्न, मोटार जळणे, सगळे त्यात येऊन जाते. एवढे होऊनही पैसा शिल्लक राहिला तर तो गाडीचा. सरला तर तो शेतीचाच होता, गाडीचा कधीच नव्हता.

हिशेब करून पाहावा. समजा तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला २,५०० रुपये हातात आले आणि एकरी ४० टन ऊस निघाला. एकराचे झाले एक लाख. आठ लाखांची जुनी गाडी म्हणजे आठ एकरांचे सगळे बिल, तेही बेणे, खत, पाणी, मजुरी काहीही न धरता. एवढा माल "परवापर्यंत" या एका शब्दावर देऊन टाकायचा का?

विकण्याचे गणित याच्या उलटे. दसऱ्यापासून डिसेंबरपर्यंत विकावी. ३१ डिसेंबर ओलांडला की व्यापारी गाडीचे वय एक वर्षाने जास्त धरतो, मग ती दारात उभीच का असेना. घेणाऱ्याने हाच मुद्दा जानेवारीत व्यापाऱ्यापुढे मांडावा. कोणी विचारील, की मग आपल्याच शेजारच्या सभासदाला बिलाच्या गर्दीत महाग विकायची का? नाही. सोलापूर, लातूर, पुणे हे बाजार मोठे आहेत, तिथे विकावी. गावात द्यायची तर गाडीचे दुखणे आधी सांगून द्यावी.

खरा घाव बसतो तो दुष्काळात. १९७२ चा दुष्काळ थोरल्यांना आठवतो. २०१२-१३ आणि २०१५-१६ तर आपण सगळ्यांनीच भोगले. मांजरा धरण आटले, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, आणि आपल्या जिल्ह्यात जनावरांच्या छावण्या पडल्या. ऊस गाळपाला जाण्याऐवजी चारा म्हणून तुटला. त्या उन्हाळ्यात कितीतरी दारांतून ट्रॅक्टर आणि जीपगाड्या निघाल्या. आमच्या माहितीतल्या एका सभासदाने बिलाच्या महिन्यात हौसेने घेतलेली गाडी मे महिन्यात निम्म्या पैशाला दिली. ते म्हणाले, "गाडी गेल्याचं काही नाही. पण तेच पैसे ठेवले असते तर ऊस टँकरनं जगवला असता." या वाक्याने आमच्या मनाला चटका लागला. गाडी परत मिळते. मोडलेली बाग आणि वाळलेली लागण पुन्हा उभी करायला वर्षे जातात.

दुष्काळ एप्रिलमध्ये दारात येतो खरा, पण त्याची चिठ्ठी ऑक्टोबरातच आलेली असते. परतीचा पाऊस निघून गेला आणि धरणात साठा नाही, म्हणजे उन्हाळ्यात ऊस तगणार नाही आणि पुढच्या हंगामाचे बिल येणार नाही. ज्याला गाडी काढावी लागेल असे वाटते, त्याने त्याच महिन्यात काढावी. दसरा-दिवाळीचे गिऱ्हाईक तेव्हा बाजारात असते. मेमध्ये फक्त विकणारेच उरतात. मांजरा, तेरणा, सीना-कोळेगावच्या पाणीसाठ्याचा आकडा पाण्याच्या पाळीसाठी आपण वाचतोच, तो गाडीच्या भावासाठीही वाचावा.

कोरड्या दुष्काळासारखेच ओल्याचेही आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा, भूम भागात अतिवृष्टी झाली, सीनेला पूर आला, घरेदारे आणि शिवार पाण्याखाली गेले. अशा पुरानंतर बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. सीटखालचा गाळ, पट्ट्याच्या आतल्या टोकाचा डाग, दिव्यातली वाफ, वायरींच्या जोडावरचा गंज, एवढे तरी आपल्या ओळखीच्या मेस्त्रीकडून पाहून घ्यावे. पूर आल्यानंतर सहा महिने तरी स्वस्त गाडीचे कौतुक करू नये. दिल्लीकडून येणाऱ्या गाड्यांचेही तसेच. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर न्यायालयाचे निर्बंध आल्यापासून त्या इकडे कमी किमतीत येतात. पण तिकडचा ना-हरकत दाखला, इथला कर आणि नवा नंबर यांचा खर्च धरला की स्वस्ताई बरीचशी सरते.

शेवटी कागद. सातबाऱ्यावर बोजा असलेले रान आपण घेत नाही. मग आरसी बुकावर बँकेचा बोजा असलेली गाडी कशी घेतो? तो आधी उतरवून घ्यावा. पंधरा वर्षे पूर्ण होत आलेल्या गाडीला नव्याने पासिंग आणि पर्यावरण कर लागतो. घेणाऱ्याने हा खर्च किमतीतून वजा करावा. विकणाऱ्याने गाडी त्याआधीच, दोन वर्षे हातात असतानाच काढावी.

विकल्यावर "बघू सावकाश" म्हणून नाव बदलायचे ठेवू नये. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी दिली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. ही केवळ कागदाची भानगड नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी निकाल दिला. गाडी २००७ मध्ये विकलेली, पुढे ती हातोहात फिरली, २००९ मध्ये अपघात झाला. आरटीओत नाव पहिल्याच मालकाचे होते, आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली. गाडी गेली, पैसे कधीच खर्च झाले, आणि दावा मात्र घरी आला. सह्या केलेले कोरे फॉर्म एजंटाच्या हातात देऊन मोकळे होणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कोणी म्हणेल, इतका हिशेब केला तर हौस उरते कुठे? आम्हाला तसे वाटत नाही. आपण उसाची लागण तारीख पाहून करतो, तोड पक्वता पाहून घेतो. एक महिना आधी तोडलेला ऊस उताऱ्याला मार खातो हे लहान पोरही सांगेल. हेच शहाणपण गाडीला लावायचे आहे. पोराने मोबाईल पुढे केला तर त्याला रागावू नका. त्याच्यासमोर पैसे बँकेत ठेवा, पावती त्याच्याच हातात द्या आणि सांगा, "भाद्रपदात बघू. तोवर हे राहिले तर तुझी गाडी." निम्म्या पोरांचे मन तोवर पालटेल. उरलेल्यांना चांगली गाडी मिळेल, आणि तिच्यामागे कर्ज नसेल.

सभासदांनी घरात बसून याचा विचार करावा, एवढीच विनंती.