विश्लेषण : पैसे भरूनही ‘क्लाऊड’ला कुलूप लागते तेव्हा... व्यावसायिकांनी काय पाहावे?

गुजरातेतील वाडीनार येथे वर्षाला २ कोटी टन खनिज तेल शुद्ध करण्याची क्षमता असलेल्या नायरा एनर्जी या कंपनीचे ई-मेल जुलै २०२५ मध्ये अचानक बंद झाले. सायबर हल्ला झाला नव्हता, वीज गेली नव्हती, बिलही थकले नव्हते. ज्या मायक्रोसॉफ्टकडून ही सेवा घेतली होती, तिनेच ती थांबवली होती. परवान्यांचे संपूर्ण पैसे भरलेले असताना स्वतःच्याच डेटापासून आपल्याला तोडण्यात आले, असे म्हणत कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. क्लाऊड ही सोय आता गल्लीतल्या दुकानापासून तेलशुद्धीकरण कारखान्यापर्यंत सगळेच वापरतात. पण ती वापरताना नेमके काय विकत घेतले जाते आणि काय नाही, हा प्रश्न या प्रकरणाने भारतात पहिल्यांदाच एवढ्या ठळकपणे पुढे आणला.

क्लाऊड म्हणजे नेमके काय?

ढग वगैरे काही नाही. दुसऱ्याच्या इमारतीत, दुसऱ्याच्या मालकीच्या संगणकांवर आपली माहिती ठेवायची, आपले काम चालवायचे आणि वापराप्रमाणे भाडे द्यायचे, इतकीच ही गोष्ट आहे. संगणक जाळ्यांच्या आकृत्यांत ‘बाहेरचे, आपल्या ताब्यात नसलेले जाळे’ दाखवण्यासाठी अभियंते ढगाचे चित्र काढत. तेच नाव पुढे चिकटले. ते गोंडस असले तरी फसवे आहे, कारण या ढगाला पत्ता असतो. ऐरोली, महापे, रबाळे या नवी मुंबईच्या पट्ट्यात बाहेरून गोदामासारख्या दिसणाऱ्या, खिडक्या जवळपास नसलेल्या, दिवसरात्र वीज आणि गारवा ओढणाऱ्या इमारती उभ्या आहेत, त्या याच.

भाड्याने संगणकशक्ती देण्याचा आजचा धंदा ॲमेझॉनने २००६ मध्ये सुरू केला. मार्चमध्ये साठवणुकीची सेवा आणि ऑगस्टमध्ये सर्व्हर भाड्याने देण्याची सेवा. भारतात मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली केंद्रे उघडली.

लहान उद्योगाला त्याचा उपयोग काय?

दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता संकेतस्थळावर लाखो मुले एकाच वेळी येतात. दुसऱ्या आठवड्यात तिथे शुकशुकाट असतो. त्या एका दुपारसाठी सर्व्हर विकत घेऊन ठेवायचे, तर उरलेले वर्ष ते धूळ खात पडतात. क्लाऊडवर ते काही तासांसाठी वाढवता येतात आणि गर्दी ओसरली की सोडून देता येतात. दिवाळीच्या तोंडावर ऑनलाइन फराळ विकणाऱ्या गृहउद्योगालाही हेच लागू आहे.

नव्याने येणाऱ्यांना तीन इंग्रजी संज्ञा हमखास अडवतात. एमआयडीसीतला गाळा डोळ्यांपुढे आणला, तर त्या सोप्या होतात. ‘इन्फ्रास्ट्रक्चर ॲज अ सर्व्हिस’ म्हणजे रिकामा गाळा. वीज-पाणी मालकाचे, यंत्रे आणि कामगार तुमचे. ‘प्लॅटफॉर्म ॲज अ सर्व्हिस’ म्हणजे यंत्रे बसवलेला गाळा, तुम्ही फक्त तुमचे काम त्यावर चढवायचे. ‘सॉफ्टवेअर ॲज अ सर्व्हिस’ म्हणजे थेट तयार माल. जीमेल, ऑनलाइन हिशेबाची सॉफ्टवेअर, कर्मचाऱ्यांच्या पगाराची ॲप्स या तिसऱ्या प्रकारात येतात. बहुतेक लहान व्यावसायिक ‘क्लाऊड’ हा शब्द न उच्चारताही तिथे केव्हाच पोहोचले आहेत.

नायरा प्रकरणात काय घडले?

युरोपीय संघाने १८ जुलै २०२५ रोजी रशियाविरुद्धच्या निर्बंधांचा अठरावा टप्पा जाहीर केला. रशियाच्या रोसनेफ्टचा ४९.१३ टक्के हिस्सा असल्याने त्यात नायराचेही नाव आले. त्यानंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने कंपनीच्या सेवा थांबवल्या. ई-मेल आणि बैठकांचे ‘टीम्स’ बंद पडले. नायरा ही भारतात नोंदलेली कंपनी, ग्राहक भारतातले, निर्बंध लादणारा युरोप आणि सेवा देणारी कंपनी अमेरिकी. भारताने ते निर्बंध मान्य केलेले नव्हते. कंपनीने न्यायालयात धाव घेतली आणि ३० जुलैच्या सुनावणीपूर्वीच सेवा पूर्ववत झाल्या. मधल्या काळात ई-मेलसाठी रीडिफ या भारतीय कंपनीचा आधार घेण्यात आल्याच्या बातम्या आल्या.

त्यामुळे न्यायालयाने या प्रश्नावर काही ठरवण्याची वेळच आली नाही, आणि खरी अडचण तीच आहे. सेवा देणाऱ्याला ती केव्हा आणि किती पूर्वसूचनेने थांबवता येते, हे आजही मुख्यतः करारात लिहिलेल्या कलमांवर ठरते. महाराष्ट्रात घर भाड्याने घेणाऱ्यांना ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार ठाऊक असतो. राहण्याची मुभा मिळते, हक्क मिळत नाही. क्लाऊडचा करार त्याच जातीचा आहे. फरक इतकाच की घराचा करार लोक निदान एकदा वाचतात.

डेटा मुंबईत ठेवला की प्रश्न सुटतो?

अर्धाच. डेटा मुंबईत किंवा हैदराबादेत असला, तर तो लवकर पोहोचतो आणि भारतीय नियमांची पूर्तताही सोपी होते. पेमेंट व्यवहारांची माहिती भारतातच साठवावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये दिला होता. कंपन्यांच्या हिशेबाच्या नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांची प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवावी लागते. कंपनी म्हणून नोंदणी केलेल्या लहान उद्योगालाही हे लागू आहे. परदेशी सॉफ्टवेअरमध्ये हिशेब ठेवणाऱ्यांनी आपल्या सीएला हा प्रश्न विचारायला हवा.

पण इमारत कुठे आहे आणि किल्ली कोणाकडे आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेने मार्च २०१८ मध्ये केलेल्या ‘क्लाऊड ॲक्ट’नुसार अमेरिकी कंपनीला कायदेशीर आदेश मिळाल्यास तिच्या ताब्यातील डेटा, तो जगात कुठेही साठवलेला असला तरी, द्यावा लागू शकतो. नायराच्या बाबतीतही अडथळा आला तो साठवणुकीच्या जागेमुळे नव्हे, तर सेवा चालू-बंद करण्याचा अधिकार ज्याच्याकडे होता त्याच्यामुळे.

केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांचे ई-मेल झोहो या भारतीय कंपनीच्या व्यवस्थेवर नेले आणि रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये वित्तीय क्षेत्रासाठी वेगळा क्लाऊड उभारण्याची घोषणा केली, त्यामागे हाच विचार दिसतो. तो योग्य आहे. मात्र ‘स्वदेशी’ असणे म्हणजे आपोआप सुरक्षित असणे नव्हे. दक्षिण कोरियाला याचा फटका बसला आहे.

माहिती कायमची नष्ट होऊ शकते का?

होऊ शकते. दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी डेटा केंद्राला २६ सप्टेंबर २०२५ रोजी लिथियम बॅटऱ्यांमुळे आग लागली. ७०९ सरकारी यंत्रणा बंद पडल्या. त्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या कागदपत्रांचा ‘जी-ड्राइव्ह’ हा क्लाऊडही होता. त्यावरचा ८५८ टेराबाइट डेटा जळून गेला. त्याची दुसरी प्रतच नव्हती. साठा फार मोठा असल्याने प्रत ठेवता आली नाही, असे कारण देण्यात आले. केंद्र सरकारी, देश तंत्रज्ञानात पुढारलेला आणि चूक मात्र अगदी प्राथमिक. त्याआधी १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या कंपनीचे केंद्र जळाले, तेव्हाही अनेक ग्राहकांना कळले की ज्याला ते ‘बॅकअप’ समजत होते, तो त्याच आवारात होता.

याउलट उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. ‘युनिसुपर’ हा तिथला ६ लाखांहून अधिक सदस्यांचा निवृत्तिवेतन निधी. मे २०२४ मध्ये गुगल क्लाऊडवरील त्याची यंत्रणा पुसली गेली. यंत्रणा उभारताना एक रकाना रिकामा राहिला, त्यामुळे तिची मुदत आपोआप एक वर्षाची धरली गेली आणि वर्ष संपताच कोणतीही सूचना न देता सगळे हटवले गेले. दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रतीही एकदमच गेल्या, कारण ठिकाणे दोन असली तरी खाते एकच होते. निधी वाचला तो दुसऱ्या सेवा पुरवठादाराकडेही प्रती ठेवलेल्या असल्यामुळे. तरीही सदस्यांना आपली शिल्लक पाहायला आठवडाभर थांबावे लागले.

गुगल ड्राइव्ह किंवा त्यासारख्या जागेत फाइल टाकली म्हणजे बॅकअप झाला, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे. एका ठिकाणी पुसलेली फाइल जिथे-जिथे जुळवून ठेवली आहे, तिथूनही पुसली जाते. प्रत ती, जी मूळ खात्याला हात लावून बिघडवता येत नाही. लहान व्यावसायिकासाठी ती आठवड्यातून एकदा काढून कपाटात ठेवलेली हार्ड डिस्कही असू शकते.

सेवा बंद पडली तर भरपाई मिळते?

नाममात्र. अमेरिकेच्या उत्तर व्हर्जिनियातील ॲमेझॉनच्या केंद्रात २० ऑक्टोबर २०२५ रोजी बिघाड झाला. एका डेटाबेस सेवेचा पत्ता सांगणारी नोंदच स्वयंचलित प्रक्रियेतील चुकीमुळे रिकामी झाली. डेटा जागेवर होता, पण तिथे जायचे कसे हे कोणत्याच यंत्रणेला कळेना. स्नॅपचॅट, सिग्नल, रोब्लॉक्स यांसह अनेक सेवा कित्येक तास अडखळल्या.

‘९९.९ टक्के उपलब्धता’ ही जाहिरातीतली ओळ मोठी वाटते. तिचा हिशेब मांडला तर महिन्याला सुमारे ४३ मिनिटे बंद राहण्याची मुभा त्यात असते. त्याहून अधिक काळ सेवा बंद राहिली, तर बहुतेक करारांत पुढच्या बिलात काही टक्के सवलत मिळते. त्या वेळात बुडालेली विक्री, परत गेलेले ग्राहक यांची भरपाई नसते.

क्लाऊड स्वस्त पडतो का?

सुरुवातीला जवळपास नेहमीच. सर्व्हर घ्यायला नको, वातानुकूलित खोली नको, तो सांभाळणारा माणूस नको. खर्च पुढे वाढतो आणि तो वाढल्याचे महिनाअखेरीस कळते. चाचणीसाठी सुरू केलेला आणि बंद करायला विसरलेला सर्व्हर मीटरवरच्या रिक्षेसारखा उभ्या-उभ्या भाडे वाढवत राहतो. म्हणूनच ठरावीक रकमेवर इशारा देणारी सोय पहिल्याच दिवशी सुरू करणे गरजेचे असते. ही सोय साऱ्याच मोठ्या कंपन्या देतात.

‘बेसकॅम्प’ हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ३७सिग्नल्स या अमेरिकी कंपनीचे २०२२ मधील क्लाऊडचे बिल सुमारे ३२ लाख डॉलर होते. वापर मोठा पण बऱ्यापैकी स्थिर असल्याने तिने स्वतःचे सर्व्हर घेतले आणि बराचसा कारभार क्लाऊडवरून खाली उतरवला. वापर सतत वर-खाली होत असेल तर भाडे परवडते, वर्षभर सारखाच असेल तर पुन्हा आकडेमोड करायला हवी. अर्थात हा सल्ला दहा-वीस माणसांच्या कार्यालयाला नाही. तिथे स्वतःचा सर्व्हर सांभाळणे हेच महागात जाते.

आणखी एक खर्च फारसा बोलला जात नाही. डेटा आत टाकायला बहुधा पैसे पडत नाहीत, बाहेर काढायला पडतात. त्यामुळे नाराज ग्राहकही तिथेच राहतो. युरोपात १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या ‘डेटा ॲक्ट’नुसार, पुरवठादार बदलण्यासाठीचे शुल्क १२ जानेवारी २०२७ पासून घेता येणार नाही. भारतात असा नियम नाही. म्हणून डेटा कोणत्या स्वरूपात परत मिळेल, किती दिवसांत आणि किती पैशांत, हे आत शिरतानाच लेखी विचारून घेणे बरे.

माहिती चोरीला गेली तर दोष कोणाचा?

येथे गैरसमज सर्वाधिक आहे. इमारत, वीज, यंत्रे यांची सुरक्षा पुरवठादाराची. पण पासवर्ड, कोणाला काय पाहता येते, कोणते दार उघडे राहिले, ही जबाबदारी ग्राहकाची. अमेरिकेतील कॅपिटल वन या बँकेच्या, ॲमेझॉनच्या क्लाऊडवर असलेल्या यंत्रणेतून २०१९ मध्ये १० कोटींहून अधिक लोकांची माहिती बाहेर गेली. कारण होते चुकीच्या पद्धतीने जुळवलेली फायरवॉल. ८ कोटी डॉलरचा दंड झाला तो बँकेला.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचीही रचना अशीच आहे. सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंतचा दंड ग्राहकांची माहिती गोळा करणाऱ्या व्यवसायावर येतो, ती साठवण्याचे काम दुसऱ्याला दिले असले तरीही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांचा अवधी आहे.

प्रत आहे, मग काळजी नाही?

प्रत उघडून पाहिलेली असली तर. गिटलॅब ही जगभरातील प्रोग्रामरांचे काम साठवणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिच्या एका अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेस पुसला. कंपनीकडे प्रती काढण्याच्या पाच वेगवेगळ्या पद्धती होत्या. त्या रात्री एकेक तपासली गेली, तेव्हा त्यातली एकही धड चालत नसल्याचे आढळले. अखेर कामी आली ती दुसऱ्याच एका चाचणीसाठी सहा तास आधी हाताने काढून ठेवलेली प्रत. मधल्या सहा तासांतील नोंदी मात्र परत मिळाल्या नाहीत.