दोघांच्या घरातले मूल

परदेशी बिऱ्हाड केलेल्या मुलाकडून अपत्यजन्माची वार्ता आली म्हणजे पेढे वाटून होतात न होतात तोच घरच्या वडीलधाऱ्यांपुढे एक प्रश्न उभा राहतो : 'तिकडे त्या बाळास सांभाळणार कोण?' आपल्या एकत्र कुटुंबात हा प्रश्न कोणी विचारीत नाही. मूल रडले तर जिचे हात मोकळे असतील तिने ते उचलावे, थोरल्या काकूंनी न्हाऊमाखू घालावे, आजोबांनी देवळापर्यंत फिरवून आणावे. दुपारी ते कोणाच्या मांडीवर निजले हे संध्याकाळी आईसही नीट सांगता येऊ नये, अशी ही रीत. ती इतकी अंगवळणी पडलेली असते की तीस व्यवस्था म्हणावयाचेही आपल्याला सुचत नाही.

आमच्या चिरंजिवांचे बिऱ्हाड जर्मनीत श्टुटगार्ट येथे आहे. हे शहर 1968 पासून मुंबईचे भगिनीनगर म्हणविते, आणि मोटारींच्या कारखान्यांमुळे आपल्याकडील अभियंत्यांचा ओढा तिकडे असतो. गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता तेथे 90 दिवस राहिलो. अधिक राहता येत नाही. पाहुण्याच्या व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस हीच मर्यादा, मग पाहुणा प्रत्यक्ष आजोबा का असेना! घर तिसऱ्या मजल्यावर, कर्ती माणसे दोन, दोघेही नोकरीस, आणि नात सवादोन वर्षांची.

आपल्याकडे जी कामे सासर आणि माहेर मिळून करतात, त्यांपैकी बरीचशी तेथे सरकारने अंगावर घेतली आहेत. 2007 पासून तेथे 'एल्टर्नगेल्ड', म्हणजे पालकवेतन, मिळते. मूल लहान असता जो घरी राहील त्यास त्याच्या मिळकतीच्या सुमारे दोनतृतीयांश रक्कम. दरमहा कमीत कमी 300 आणि जास्तीत जास्त 1800 युरो. एकट्यानेच घेतल्यास 12 महिने, उभयतांनी वाटून घेतल्यास 14. म्हणजे वरचे दोन महिने बापाने घरी बसावे यासाठीच जणू ठेवलेले आहेत. बापास मूल सांभाळण्याबद्दल पैसे मिळतात हे ऐकून माझ्या वयाचे गृहस्थ हसतील. हसोत. त्या दोन महिन्यांत आमच्या चिरंजिवांस मुलीस न्हाऊ घालणे, मऊ भात भरविणे आणि ताप चढला असता न घाबरणे हे सर्व आले. आमच्या पिढीच्या पुरुषांत हे येणारे फारच थोडे.

मुलास एक वर्ष पूर्ण झाले की पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क तेथे 2013 च्या ऑगस्टपासून आहे. हक्क आहे म्हणून जागा तत्काळ मिळतेच असे नव्हे. सूनबाईंनी प्रसूतीपूर्वीच नाव नोंदवूनही पुष्कळ वाट पाहावी लागली. या पाळणाघरास संक्षेपाने 'कीटा' म्हणतात. फ्रोबेलने 1837 साली ज्या देशात बालशाळा काढली आणि 1840 साली तीस 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले, तोच हा देश. (आपल्या ताराबाई मोडकांच्या अंगणवाडीतील 'वाडी' हा शब्दही मला त्याच जातीचा वाटतो.) कीटात मूल रुळविण्याची जी पद्धत सूनबाईंनी सांगितली ती ऐकून, शाळेच्या दारात हंबरडा फोडणारी मुले जन्मभर पाहिलेला हा मास्तर थक्क झाला. पहिले तीन दिवस आईने अथवा बापाने मुलाबरोबर तासभर तेथेच बसून राहावयाचे. मुलास सोडून जावयाचेच नाही. चौथ्या दिवशी काही मिनिटे बाहेर जाऊन पाहावयाचे. मूल रडले आणि तेथील बाईंच्याने शांत झाले नाही, तर लगेच परत यावयाचे. मग हळूहळू अर्धा तास, जेवणापर्यंत, दुपारच्या निजेपर्यंत, असे काही आठवडे. बर्लिनमध्ये 1980 च्या दशकात ही पद्धत बांधली गेली. आपल्या बालवाड्यांनी तीतून चार दिवस जरी उचलले तरी पुष्कळ रडारड वाचेल.

कीटात जाऊ लागलेले मूल पहिले वर्षभर सर्दीपडशाचे घर होते. त्याचीही सोय आहे. 2024 आणि 2025 या वर्षांत सरकारी आरोग्यविम्यातील प्रत्येक पालकास आजारी मुलासाठी वर्षाकाठी 15 दिवसांची रजा असे. ती पुरली तर ठीक. न पुरली तर खालच्या मजल्यावरील एका वृद्ध बाईंकडे पाहावयाचे. या बाईंशी ओळख झाली ती जिन्यामुळे. त्या प्रांतात 'केरवोखं' नावाची चाल आहे. आठवड्याची पाळी ज्या बिऱ्हाडाची, त्याच्या दारावर पाटी लटकते आणि त्याने जिना झाडून पुसावयाचा. आमच्या नातीने आपली वीतभर केरसुणी घेऊन एका शनिवारी पायऱ्या झाडल्या, तेव्हापासून बाईंचे दार उघडले. खाण्यापिण्याचे तेवढे जपावे लागते. मांस नको म्हणून सांगितले की ते टाळतात. परंतु वाढदिवसास वाटलेल्या रबरासारख्या गोड वड्यांत बहुधा जिलेटिन असते, आणि ते प्राण्यांच्या कातडीहाडांपासून काढतात, हे नवख्या मराठी आईस कोण सांगणार?

पण या सर्व सोयींतून न सुटणारे एक दुःख आहे, ते सूनबाईंनी आमच्या सौभाग्यवतींजवळ बोलून दाखविले. पहिला हिवाळा. दुपारी साडेचारास अंधार, चिरंजीव कचेरीत, आणि कुशीत चार महिन्यांचे मूल. 'आई, दिवसचे दिवस माझ्या आवाजाशिवाय घरात दुसरा आवाज नसे,' त्या म्हणाल्या. 'मग मी तिलाच सगळे सांगत बसे, कांदा चिरते, आता फोडणी देते, असे.' त्या बिचारीस ठाऊक नव्हते, पण मुलीस जी मराठी आली ती त्या फोडण्यांतून आली.

आता नात कीटात आठ तास जर्मनच ऐकते. घरी आल्यावर निजेपर्यंत अडीचतीन तास उरतात. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असला तरी पडदे ओढून मुलांस सात-साडेसातास निजवावयाचे, हा तेथील दंडक. एवढ्या वेळात, अवघ्या दोन तोंडांतून जी मराठी कानी पडेल तीच तिची मराठी. आपल्या घरी मूल एकच शब्द आजीकडून वेगळा ऐकते, काकाकडून वेगळा, भांडणात वेगळा आणि आरतीच्या वेळी वेगळा. दोघांच्या घरात हे कोठून यावे?

मला व्याकरणाचा नाद असल्यामुळे मी तिची वाक्ये वहीत टिपीत असे. 'आउटोत बसायचं.' 'चिऊ बाउमवर गेली.' आउटो म्हणजे मोटार, बाउम म्हणजे झाड. प्रकृती जर्मन, प्रत्यय मराठी! सौभाग्यवती कष्टी झाल्या. मी मात्र हर्षित झालो. शब्द परक्याचा असला तरी त्यास विभक्ती घरची लागते, तोवर पाया घरचाच आहे असे समजावे. दोन भाषांनी मुलाचे डोके गोंधळते, असे एके काळी विद्वानही म्हणत. झ्यूल रोंझा या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने आपण मुलाशी फ्रेंच बोलावे आणि आईने जर्मन, असा नेम चालवून त्याची हकीकत 1913 साली ग्रंथरूपाने छापली; मूल दोन्ही भाषा नीट शिकले. पुढे 1962 साली पील आणि लँबर्ट यांनी माँट्रियल येथील दहा वर्षांची मुले तपासली, तेव्हा दुभाषी मुले मागे न पडता पुढेच आढळली.

तेव्हा जर्मनचे भय नाही. विघ्न येते ते आपल्याकडून, तेही दूरध्वनीच्या पडद्यावरून. उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचे अंतर. तिकडे मूल घरी येते तेव्हा आपल्याकडे रात्रीचे नऊ-दहा वाजलेले. त्या अर्ध्या तासात पुण्याचे मामा म्हणतात, 'हॅलो बेबी, हाऊ आर यू?' ठाण्याची आत्या म्हणते, 'से हाय टू आत्या!' अहो, त्या मुलीस इंग्रजी येते कोठे? तिला येते जर्मन, आणि तुमची मराठी. ती गोंधळून आईच्या कुशीत तोंड लपविते, की लगेच इकडे निदान होते, 'लाजाळू आहे हो, माणसांची सवय नाही!' उरलेला वेळ सूनबाईंच्या परीक्षेत जातो. वजन का वाढत नाही, बाळगुटी का बंद केली, दंडावर क्षयाच्या लशीचा व्रण का नाही? (ती लस 1998 पासून तेथे सरसकट देत नाहीत, उलट गोवराची टोचल्याचा दाखला 2020 च्या मार्चपासून कीटासाठी सक्तीचा आहे.) हे प्रश्न आईस स्वतंत्र वेळी विचारावेत. मुलीचा अर्धा तास मुलीस द्यावा, आणि तो शुद्ध गावठी मराठीत द्यावा.

सौभाग्यवतींनी परत आल्यावर रोज गोष्ट सांगण्याचा क्रम धरला आहे. चिमणीचे घर मेणाचे होते, हे नातीस समजले. मेणबत्ती तिने पाहिली होती. कावळ्याचे घर शेणाचे होते, तेथे गाडे अडले. 'शेण म्हणजे काय?' श्टुटगार्टच्या तिसऱ्या मजल्यावर याचे उत्तर नाही. येथे वाईस आहे. रविवारी तिकडे सकाळचे नऊ वाजले असता सौभाग्यवती दूरध्वनी घेऊन शेजारच्या गोठ्यात गेल्या आणि गाय, वासरू व शेण असे तिन्ही दाखविले. 'कूचं शेण!' नात ओरडली. जर्मनमध्ये गाईस 'कू' म्हणतात, आणि तो शब्द आमच्या संस्कृत 'गो'चाच दूरचा भाऊ आहे, हे मी तेथेच गोठ्यात उभा राहून सांगू लागलो होतो. परंतु वासरू हंबरले आणि तिला तेच पुन्हा ऐकावयाचे होते. या रविवारी गोठेवाल्याने धार काढताना बोलाविले आहे.