उत्पादन कुठले, उत्पन्न कोणाचे?

गळीत हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड टोळ्या बारामती-इंदापूरच्या कालवा पट्ट्यात उतरतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी अशा कारखान्यांच्या आसपास कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि ती बियाण्यात, लग्नात, दवाखान्यात संपलेलीही असते. पुढचे काही महिने ती अंगमेहनतीने फेडायची. ऊस गाडीत भरून झाला की मागे राहिलेली वाढी गावातले गाई-म्हशीवाले चाऱ्याला विकत नेतात, तेवढाच काय तो हातात पडणारा रोख पैसा. या सगळ्या श्रमाची किंमत पुणे जिल्ह्याच्या उत्पन्नात धरली जाते, कारण जिल्ह्याचे उत्पन्न मोजताना काम कुठे झाले ते पाहतात, करणारा कुठला ते पाहत नाहीत. मजुरी मात्र बीडमधल्या घरात खर्च होते. दरडोई आकडा काढताना भागायचे ते पुन्हा पुणे जिल्ह्याच्या लोकसंख्येने.

यात कोणाची लबाडी नाही. उत्पादन मोजायची ती मान्य रीत आहे. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाज्जिओ या इटालियन कंपनीच्या कारखान्यात तीनचाकी गाड्या तयार होतात. तिथे जी मूल्यवाढ होते तीत कामगाराचा पगार येतो तसा मालकाचा नफाही येतो, आणि तो नफा बारामतीकरांचा नसतो. आयर्लंडने हाच अनुभव देश म्हणून घेतला. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा कागदोपत्री तिथे हलवली आणि २०१५ मध्ये त्या देशाचे स्थूल देशांतर्गत उत्पादन एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढलेले दिसले. डब्लिनमधल्या कोणाचा पगार २६ टक्क्यांनी वाढला नव्हता. शेवटी आयर्लंडच्या सांख्यिकी कार्यालयाने या कंपन्यांमुळे आलेली सूज वगळणारा वेगळा आकडा काढला, आणि आपली अर्थव्यवस्था जोखताना तिथले लोक आता तोच पाहतात. उत्पादन आणि उत्पन्न यांतले हे अंतर भारतासारख्या मोठ्या देशात एकूण पातळीवर थोडे असते. राज्य, जिल्हा, तालुका असे खाली उतरावे तसे ते रुंदावत जाते, आणि नेमके तिथेच ते मोजायची सोय आपण केलेली नाही.

आपले सगळे लक्ष वरच्या क्रमवारीकडे आहे. मे २०२५ मध्ये नीती आयोगाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी भारत जपानला मागे टाकून चौथी मोठी अर्थव्यवस्था झाल्याचे सांगितले. आधार आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एप्रिलमधल्या अंदाजाचा होता. २०२५ या पूर्ण वर्षासाठी भारत ४,१८७ अब्ज डॉलर आणि जपान ४,१८६ अब्ज. ऑक्टोबरच्या अंदाजात जपान पुन्हा पुढे गेला. एप्रिलच्या अंदाजातला अब्जभर डॉलरचा फरक रुपयाच्या किंवा येनच्या किरकोळ हालचालीत बुडून जातो. जपानचेच पाहा. २०१२ मध्ये त्याची अर्थव्यवस्था डॉलरमध्ये सहा हजार अब्जांच्या वर होती, ती आता चार हजारांच्या आसपास आहे. येनमध्ये मात्र ती याच काळात वाढली आणि २०२४ मध्ये प्रथमच ६०० लाख कोटी येनच्या पुढे गेली. घसरला तो येन: डॉलरला ८० होता तो दीडशेवर गेला. जपान्यांनी कमी गाड्या किंवा कमी यंत्रे बनवली असा याचा अर्थ नाही. त्याच एप्रिलच्या अंदाजात जपानी माणसामागे सुमारे ३४ हजार डॉलर आहेत आणि भारतीय माणसामागे सुमारे २,९००. एकूण आकडा समान का झाला याचे उत्तर प्रामुख्याने लोकसंख्येत आहे.

महाराष्ट्राची अर्थव्यवस्था एक ट्रिलियन डॉलरची, म्हणजे एक लाख कोटी डॉलरची करायचे राज्य सरकारचे उद्दिष्ट आहे, आणि त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्याचे विकास आराखडेही झाले. पण डॉलर ६० रुपयांचा असताना हे उद्दिष्ट ६० लाख कोटी रुपयांचे असते आणि ८५ रुपयांचा असताना ८५ लाख कोटींचे. इंदापूरच्या डाळिंबवाल्याने काय पिकवले याच्याशी या पंचवीस लाख कोटींचा काही संबंध नाही.

यावर जाणकारांचे उत्तर असते की विनिमय दर सोडा, क्रयशक्तीने तुलना करा. ही सूचना रास्त आहे, आणि त्या मापाने भारत जगात तिसरा येतो. २०१७ मध्ये बाजारात डॉलर सुमारे ६५ रुपयांना होता. जागतिक बँकेच्या तुलना कार्यक्रमाने त्याची क्रयशक्ती २० रुपये ६५ पैसे धरली. अर्थव्यवस्था एका फटक्यात तिपटीने मोठी होते. पण इथल्या किमती एवढ्या कमी का, हेही विचारायला हवे. डिझेल, खत, ट्रॅक्टरचे सुटे भाग बारामतीत जगापेक्षा तिपटीने स्वस्त मिळत नाहीत. स्वस्त आहे ती माणसाची मेहनत: केस कापणे, शिवणकाम, गवंडीकाम, ऊसतोड. म्हणजे क्रयशक्तीने आपण जे मोठे दिसतो त्यातला मोठा वाटा आपल्या कमी मजुरीचा आहे. गरिबीची तुलना करायला हे माप योग्य आहे. त्याला पराक्रमाचे माप म्हणणे मला पटत नाही.

आकाराला काहीच अर्थ नाही, असा माझा दावा नाही. कच्चे तेल डॉलरमध्ये घ्यावे लागते, कर्जे डॉलरमध्ये फेडावी लागतात, संरक्षण सामग्रीची खरेदी आणि व्यापारी वाटाघाटी देशाच्या एकूण वजनावर चालतात. तिथे बाजारभावातला एकूण आकडाच कामाचा. आक्षेप एवढाच की तो आकडा गावच्या सुबत्तेचा दाखला म्हणून वापरला जातो. पुणे जिल्ह्याच्या सरासरीत हिंजवडीचे संगणक अभियंते, चाकणचे वाहन कारखाने आणि बारामतीचा जिरायती सुपे भाग एकत्र बसतात. ज्या लाकडी-निंबोडी पट्ट्याला उपसा सिंचन योजना मागावी लागली, त्याचा वेगळा आकडा कुठेच नाही. जिल्हा सामाजिक आणि आर्थिक समालोचनात पिकांचे क्षेत्र, जनावरे तालुकावार मिळतात. तालुक्याच्या रहिवाशांचे उत्पन्न मिळत नाही.

ते मोजणे अशक्य आहे, असा यावर आक्षेप घेतला जातो. पूर्वी तो बराचसा खरा होता. आजही जिल्ह्याच्या उत्पन्नाचा बराच भाग राज्याच्या एकूण आकड्यातून कामगारसंख्येसारख्या निर्देशकांवर वाटून काढला जातो. पण जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय नमुना पाहण्यांत जिल्हा हाच मूळ स्तर धरला जाऊ लागला आहे. उसाचे बिल शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा होते, दुधाचा पगार दर दहा दिवसांनी निघतो, पीककर्ज सोसायटीच्या वहीत असते. साधने आहेत. १९४९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली तेव्हा यातले जवळपास काहीच नव्हते. महालनोबिस अध्यक्ष होते, सदस्यांत पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. त्याच गाडगीळांनी त्याआधी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांखाली पाण्याने नेमके कोणाला काय मिळाले याची पाहणी केली होती. बारामती-इंदापूरच्या निरा डाव्या कालव्याला आज अशाच पाहणीची गरज आहे.

त्या पाहणीत जमिनीची झीजही धरावी लागेल. स्थूल उत्पादनात वजावट नसतेच. निव्वळ उत्पन्नातही आजवर यंत्रांचा, इमारतींचा घसारा वजा होत आला, चोपण झालेल्या रानाचा नाही. कालव्याखाली वर्षानुवर्षे उसाला पाट भरून पाणी दिले आणि जिथे निचरा नव्हता तिथे क्षार वर आले. त्या रानातून निघालेला प्रत्येक टन आपण उत्पन्न म्हणून मांडला, रान गेले ते कुठेच मांडले नाही. मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने राष्ट्रीय लेख्यांची नवी पद्धत स्वीकारली. तीत निसर्गसंपत्तीची घट हा उत्पादनाचा खर्च मानला आहे आणि निव्वळ आकड्यांवर भर आहे. आपल्याकडे ती लागू व्हायला काही वर्षे जातील. २०२७ ची जनगणना त्याआधी होणार आहे, आणि २०११ पासून अंदाजाने धरलेली लोकसंख्या तेव्हा प्रत्यक्ष मोजली जाईल. प्रगणक फेब्रुवारीत येतील तेव्हा गळीत हंगाम चालू असेल आणि कोप्यांमध्ये माणसे असतील. त्यांची नोंद कुठल्या जिल्ह्याचे रहिवासी म्हणून होते, यावर बारामती-इंदापूरचा आणि बीडचा, दोन्हीकडचा दरडोई आकडा अवलंबून राहील.