‘नव्यासारखा’ म्हणजे नवा नव्हे!



जुन्नर तालुक्यातील घाटघर हे गाव तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. नाणेघाटाच्या माथ्यावरचे हे छोटेसे गाव. शेजारी जीवधन किल्ला, आणि समोर एकदम तुटलेला कोकणचा कडा. एका उन्हाळ्याच्या सुरुवातीस काही शाळकरी मुलांना घेऊन मी तेथे गेलो होतो. नाणेघाटाच्या लेण्यातील सातवाहनकालीन शिलालेख आणि त्यातील ब्राह्मी आकडे मुलांना दाखवावेत, एवढाच बेत होता. परतीच्या वाटेवर मात्र भौतिकशास्त्राचा एक जिवंत धडा आमची वाट पाहत रस्त्याच्या कडेला उभा होता.

तो धडा म्हणजे हिरड्याच्या पोत्यांनी भरलेला एक ट्रक. ट्रकचा मालक आणि चालक माझाच जुना विद्यार्थी निघाला. गाडीखालून सरपटत बाहेर येत, काळे झालेले हात पुसत तो म्हणाला, “सर, तीन महिन्यांपूर्वीच तयार गिअरबॉक्स बसवला होता. अगदी नव्यासारखा आहे म्हणाले होते. आता या उतारावर तिसरा गिअर आपोआप निसटला. गाडी डोंगराच्या अंगाला घातली म्हणून थांबली.”

“अरे, घेताना उघडून पाहिला होतास का?” मी विचारले.

“नाही सर. वरून छान रंग दिलेला होता.”

त्याचे हे उत्तर माझ्या मनातून जाईना. हा मुलगा माझ्या वर्गात बसून घर्षण शिकला, ऊर्जेची गणिते सोडवून पास झाला. पण हजारो रुपये मोजताना त्याला वर्गातले काहीच आठवले नाही. दोष त्याचा एकट्याचा नाही, आम्हा शिकवणाऱ्यांचाही आहे. म्हणून हा लेख.

प्रथम ‘तयार गिअरबॉक्स’ म्हणजे काय ते पाहू. गाडीचा गिअरबॉक्स बिघडला की तो गाडीवरून उतरवून, खोलून, दुरुस्त करून पुन्हा चढवावयास काही दिवस लागतात. तेवढे दिवस गाडी उभी राहते. कर्जाचा हप्ता मात्र धावतच असतो. टोमॅटोचा हंगाम असेल तर नारायणगावच्या बाजारात रोज भाडी मिळत असतात, आणि ती दुसऱ्याच्या गाडीला जातात. म्हणून मालक आपला बिघडलेला गिअरबॉक्स दुकानदाराला देतो, वर काही रक्कम भरतो आणि दुसऱ्या कोणाचा तरी, आधीच दुरुस्त करून ठेवलेला गिअरबॉक्स त्याच दिवशी बसवून घेतो. सोय मोठी आहे. पण या सोयीबरोबर आपण एक गोष्ट नकळत विकत घेतो, ती म्हणजे एका अनोळखी यंत्राचा अनोळखी इतिहास.

आता त्या पेटीच्या आत डोकावू. गिअरबॉक्सचे काम सायकलच्या लहानमोठ्या दंतचक्रांसारखेच. चढावर वेग कमी करून चाकाला पीळ देणारा जोर वाढवावयाचा, सपाटीवर जोर कमी करून वेग घ्यावयाचा. पण दातांवर पडणारा भार किती असतो, याचा हिशेब करून पाहा. समजा, इंजिन ३०० न्यूटन-मीटर इतका पीळ देत आहे आणि पहिल्या दंतचक्राची त्रिज्या ४ सें.मी. आहे. ३०० भागिले ०.०४ म्हणजे ७५०० न्यूटन. बोटाएवढ्या रुंद अशा एकदोन दातांवर साडेसातशे किलोग्रॅमचा भार! २० किलोग्रॅमचा एक याप्रमाणे टोमॅटोचे ३७ क्रेट त्या दातावर रचल्यासारखे झाले. आणि हे चक्र मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर प्रत्येक दातावर हा भार तासाभरात १,२०,००० वेळा येतो आणि जातो.

एवढा मार सोसता यावा म्हणून दातांचे पोलाद विशेष पद्धतीने तयार करतात. त्याच्या पृष्ठभागात कार्बन मुरवून, तापवून आणि एकदम थंड करून वरचा साधारण एक मिलिमीटर जाडीचा थर अतिशय कठीण करतात. आतला गाभा मात्र थोडा मऊ आणि चिवट ठेवतात. नाही तर दात काचेसारखा तडकेल. भाकरीचा पापुद्रा आणि आतला मऊ भाग, तसेच काहीसे. आता तुमच्या लक्षात येईल की झिजलेला दात कानशीने वा सहाणेवर ‘साफ’ केला, तर तो चकचकीत दिसेल, पण कठीण थर निघून गेलेला असेल. तुटलेल्या दाताच्या जागी वेल्डिंगने धातू भरून कोरला, तर आकार मिळेल, पण त्या उष्णतेने आजूबाजूच्या पोलादाचे पाणीच उतरलेले असेल. वरून रंग दिला की यातले काहीच दिसत नाही.

दुसरा धोका याहून फसवा आहे, तो म्हणजे धातूचा थकवा. एखादी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. पण तीच पुन्हा पुन्हा मागेपुढे वाकवली तर तुटते, हे तुम्ही केलेले असेल. एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे आस अचानक मोडू लागले, तेव्हा ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने याचा पद्धतशीर अभ्यास केला. जो भार धातू एकदा सहज पेलतो, तोच लाखो वेळा आला तर केसाएवढी भेग पडते, ती हळूहळू वाढते आणि एके दिवशी तुकडा पडतो. अशी भेग नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. जुन्या गिअरबॉक्समधील एखाद्या शाफ्टने किती लाख फेरे सोसले, हे दुकानदाराला माहीत नसते आणि आपल्यालाही नसते.

तिसरा धोका नव्याजुन्याच्या जोडीचा. सायकलला नवी चेन घातली आणि मागचे झिजलेले चक्र तसेच ठेवले, तर जोर लावताच चेन उडी मारते. गिअरबॉक्समध्येही असेच. एकमेकांत फिरणारी दोन चक्रे एकमेकांना साजेशी झिजतात. त्यांतले एकच बदलले तर नवे दात जुन्या दातांच्या कडांवर घासतात, आवाज येतो आणि दोन्ही लवकर बाद होतात. म्हणून चांगला मिस्त्री अशी चक्रे जोडीने बदलतो. बेअरिंगचेही तेच. बेअरिंग नवे घातले, पण ते ज्या भोकात बसते ते भोकच सैल झाले असेल, तर काही ठिकाणी आतून पंचाचे ठोके मारून ते घट्ट करतात. अशी घट्ट बैठक किती दिवस टिकणार? बैठक हलली की शाफ्ट तिरका होतो आणि सगळा भार दाताच्या एका टोकावर येतो.

येथे थोडे संभाव्यतेचे गणित करू. समजा, पेटीत महत्त्वाचे ५० भाग आहेत आणि प्रत्येक भाग चांगला असण्याची शक्यता शंभरात ९९ आहे. ऐकावयास छान वाटते ना? पण सगळेच्या सगळे भाग चांगले असण्याची शक्यता ०.९९ चा पन्नासावा घात, म्हणजे सुमारे ०.६० इतकीच येते. म्हणजे अशा शंभर पेट्यांपैकी चाळिसांत कोठे तरी एखादा सदोष भाग राहिलेला असेल! ‘बहुतेक सगळे नवे घातले आहे’ या वाक्यातील ‘बहुतेक’ हा शब्द किती महाग पडू शकतो, ते पाहा.

“पण सर, मी गाडी चालवून पाहिली होती,” माझा विद्यार्थी म्हणाला. कोठे, तर दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर, रिकामी गाडी. सपाटीवर आणि चढावर इंजिन चाकांना ढकलते. उतारावर मात्र उलटे होते. चाके इंजिनाला ढकलतात आणि इंजिन त्यांना रोखून धरते. त्या वेळी भार दातांच्या दुसऱ्या बाजूवर येतो आणि तिरक्या दातांच्या चक्रांना मागेपुढे सरकवणारा जोरही दिशा बदलतो. गिअर जागच्या जागी धरून ठेवणारे छोटे दात, स्प्रिंग वा काटा झिजलेला असेल, तर गिअर नेमका अशा वेळी निसटतो. म्हणजे सपाटीवरची परीक्षा ही सोप्या प्रश्नांचीच परीक्षा झाली.

घाटघरजवळचा तो उतार लहान होता म्हणून निभावले. तोच ट्रक माळशेज घाट उतरत असता तर? १० टन वजनाची गाडी ५०० मीटर खाली उतरली, तर स्थितिज ऊर्जा सुटते ती १०,००० × १० × ५००, म्हणजे ५ कोटी ज्यूल. या उष्णतेने साध्या तापमानाचे सुमारे १६० लिटर पाणी, म्हणजे दहाएक हंडे, उकळीला येईल. गाडी गिअरमध्ये असते तेव्हा या ऊर्जेचा मोठा वाटा इंजिन पोटात घेते. गिअर निसटला की सगळा भार ब्रेकवर. ब्रेक अति तापले की त्यांची पकड कमी होते. आणि वेग वाढलेला असल्याने निसटलेला गिअर पुन्हा पडत नाही. गिअरबॉक्सचा प्रश्न हा केवळ पैशाचा प्रश्न नव्हे, तो असा जिवाचा प्रश्न होतो. वळणावर समोरून येणाऱ्या एस. टी. तील माणसांनी तर तो गिअरबॉक्स विकतही घेतलेला नसतो.

मग दुरुस्त केलेला गिअरबॉक्स घेऊच नये काय? माझे मत तसे नाही. ओतीव लोखंडाची जड पेटी वितळवून नवी करण्यापेक्षा तीच पुन्हा वापरणे केव्हाही शहाणपणाचे; त्यात धातू वाचतो, इंधन वाचते आणि गरीब मालकाचे पैसेही वाचतात. नीट मोजून, नीट जुळवून दुरुस्त केलेला गिअरबॉक्स वर्षानुवर्षे चालतो. आपल्याकडे असे काम करणारे कुशल मिस्त्री गावोगाव आहेत, आणि त्यांच्या बोटांना कळते ते आमच्या पुस्तकांत सापडत नाही. माझा आक्षेप दुरुस्तीला नाही, तर न पाहता, न विचारता, नुसत्या शब्दावर केलेल्या खरेदीला आहे. ‘नव्यासारखा’ हे विशेषण आहे, मोजमाप नव्हे. विज्ञान शिकलेल्या माणसाने विशेषणापाशी थांबू नये, आकडा मागावा.

काय मागावे? झाकण उघडून दात दाखवा, म्हणावे. कोणते भाग बदलले त्यांची यादी द्या, आणि काढलेले जुने भागही दाखवा. शाफ्टची खेळ किती ठेवली, ती कशाने मोजली? आपल्या गाडीच्या गिअरबॉक्सशी दातांचे प्रमाण आणि शाफ्टवरच्या खाचा जुळतात का? तेल कोणते घालावयाचे? चाचणी भरलेल्या गाडीने, चढावर आणि उतारावरही घ्यावी. मात्र ती लहान, मोकळ्या उतारावर आणि जाणत्या मिस्त्रीला सोबत घेऊन. पहिले काही दिवस चालल्यावर तेल काढून त्यात लोहचुंबक फिरवावा. थोडी बारीक पूड निघाली तर घाबरू नये. पण कपचे निघाले तर गाडी थांबवावी. आणि एक विसरू नये. पहिला गिअरबॉक्स का गेला, याचे कारण शोधल्याशिवाय दुसरा बसवू नये. तेल गळत असेल, क्लच नीट सुटत नसेल, तर दुसराही त्याच वाटेने जाईल.

हे सर्व पक्क्या पावतीवर लिहून घ्यावे. आपल्या देशात १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि त्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली. व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूंना तो सहसा लागू होत नाही. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी वस्तू घेणारा माणूस ‘ग्राहक’च धरला जातो. स्वतः गाडी चालवून संसार करणाऱ्याला हे ठाऊक असले पाहिजे. मात्र पावती पैसे परत मिळवून देईल, घाटात गाडी थांबवणार नाही. त्यासाठी आधीच पाहिलेले बरे.

शिक्षकांना एक विनंती. पुढच्या वर्षी घर्षण शिकवताना जवळच्या गॅरेजमधील एक बाद झालेले दंतचक्र वर्गात आणा. त्यावर रॉकेल लावा, पुसून कोरडे करा आणि खडूची पूड भुरभुरवा. भेग असेल तर तिच्यात शिरलेले तेल पुडीत उमटते आणि न दिसणारी रेघ दिसू लागते. मात्र हा प्रयोग ज्योतीपासून दूर करा. शक्य झाले तर त्या मिस्त्रीलाही वर्गात बोलवा. आमच्या वर्गांतून बाहेर पडलेली कित्येक मुले पुढे गाडी घेतात, मोटार घेतात, पंप घेतात. त्यांना सूत्र पाठ असते. पण दुकानात काय विचारावे, ते आम्ही शिकवलेले नसते.

त्या दिवशी सकाळी मुलांनी नाणेघाटात शिलालेख पाहिला होता. त्यात सातवाहनांनी यज्ञांत दिलेल्या दानांची नोंद आहे. गायी किती, नाणी किती, ते आकड्यांत कोरलेले आहे. संध्याकाळी ट्रकपाशी उभी राहिलेली एक मुलगी मला म्हणाली, “सर, त्या लोकांनी दान दिले तेही मोजून लिहिले. आणि यांनी विकत घेतले तरी काहीच लिहून घेतले नाही?”

माझा विद्यार्थी हसला. मग खिशातून चुरगळलेली पावती काढून त्याने माझ्यापुढे धरली. तिच्यावर एकच ओळ होती : ‘गिअरबॉक्स, १ नग’. पुढच्या वेळी ती ओळ लांबवावयाची, असे त्याने ठरवले आहे. तुम्हीही ठरवा.