जुनी बॅटरी भंगारात देऊ नका, तिचा बल्ब बदला

वाचकहो, आपल्या वऱ्हाडात टॉर्चला टॉर्च म्हणतो कोण? बॅटरीच म्हणतात. पितळेची नाही तर पत्र्याची एखादी जुनी बॅटरी बऱ्याच घरांत अजून खुंटीला असते. पोरगा म्हणतो, "बाबा, हे डबडं देऊन टाका भंगारात, चार्जिंगची आणू." मग चार्जिंगची येते, दोन हंगामांत तिचा आतला सेल मरतो, आणि बहुतेकदा तो बदलून काही मिळत नाही. म्हणून म्हणतो, जुनी फेकण्याआधी तिच्यात एलईडीचा बल्ब टाकून पाहा.

कोणाला हा विषय क्षुल्लक वाटेल. अकोट-तेल्हाऱ्याकडे थंडीत मध्यरात्री ओलितासाठी वावर गाठणाऱ्या कास्तकाराला तो तसा वाटणार नाही. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनीची योजना राज्याने 2017 साली आणली. तिची वीज जिथे पोचली तिथे चांगलेच झाले, पण जिथे रात्रपाळी आहे तिथे धुऱ्यावरून चालताना पायाखाली घोणस आहे की दोरी, हे बॅटरीच सांगते. 2000 ते 2019 या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे गेली, असा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. त्यातली बहुतेक खेड्यांतली. मोबाईलचा उजेड आहे म्हणाल, तर तो बाऱ्याच्या पाण्यात पडला की उजेडही गेला अन् फोनही.

जुना बल्ब तारेचा. तार तापते तेव्हा उजेड पडतो, म्हणजे सेलची बहुतेक शक्ती उष्णतेतच जाते. सेल उतरले की उजेड पिवळा, मग तांबडा. बॅटरी हातून पडली की तार तुटलीच. एलईडीत तारच नाही. तेवढ्याच सेलवर ती कितीतरी जास्त उजेड देते.

पण दुकानात जाऊन नुसता "एलईडी द्या" म्हणू नका. पांढऱ्या एलईडीला साधारण 3 व्होल्ट लागतात. एक सेल दीड व्होल्टचा, म्हणजे दोन सेलच्या बॅटरीत नवे असताना कसेबसे 3 होतात आणि वापरता वापरता उतरत जातात. त्यामुळे दोन सेलसाठी व्होल्ट वाढवणारे सर्किट आत असलेलाच बल्ब मागा. तीन सेलचे साडेचार होतात, तिथे तेवढ्या व्होल्टचा घ्या. कमीचा लावाल तर जळेल. जुना बल्ब सोबत न्या. काहींना आटे असतात, काहींना नुसता काठ असतो.

आणखी एक. जुन्या बल्बला सेल उलटे की सुलटे याचे सोयरसुतक नव्हते, एलईडीला आहे. सेलची टोपी बल्बाकडे पायजे. मी स्वतः बल्ब खराब म्हणून परत द्यायला गेलो, तर दुकानदाराने सेल फिरवले आणि भक्कन उजेड पडला. चार माणसांत हसू झाले, असो.

एलईडीत सगळेच सोने आहे असे मात्र नाही. जुन्या बल्बची तार आरशाच्या बरोबर मध्यावर येते, म्हणून झोत लांब जातो. एलईडीचा उजेड पुढेच फेकला जातो, आरशावर कमी पडतो, म्हणून तो पसरतो. चालायला असा पसरट उजेड बरा. जागलीला बसून वावराच्या त्या टोकाची रानडुकरे हेरायची असतील तर मात्र जुन्याची सर त्याला येईलच असे नाही. आणि उजेड कितीही असो, पायात बूट हवेतच. साप चावलाच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट सरकारी दवाखाना गाठावा.

बल्ब बदलण्याआधी पोटातले फुटलेले सेल काढा, पट्टीवरचा पांढरा-हिरवा थर पॉलिश पेपरने घासा. निम्म्या बॅटऱ्या तेवढ्यानेच लागतात. आणि काढलेला तारेचा बल्ब चालू असेल तर फेकू नका. काही जुन्या बॅटऱ्यांच्या बुडच्या झाकणात जादा बल्ब ठेवायची जागा असते, तिथे तो राहू द्या.