रिकाम्या दांडीपासून

पहिली पाळी सुटली की चिंचोळी एमआयडीसीतली पोरं जिम गाठतात. दिवसभर पोती उचलून कंबर आधीच शिणलेली, आणि कोच मात्र आजच्या डेडलिफ्टवर अडून! चार दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेट भिंतीवर लावलं की कोच होता येतं, हा समज काही सुटत नाही.

जाणता कोच आधी पाळी आणि झोप विचारतो. मग रिकामी दांडी हातात देऊन बाजूला उभा राहतो. टाचा उचलतात का, पाठ गोल होते का, दांडी नडगीपासून लांब जाते का, हे बघतो. ही नजर शेकडो उचली पाहूनच येते. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१पासून प्रशिक्षक घडवते आहे. पण तिथून आलेल्यालाही हा सराव चुकत नाही.

सांगलीच्या संकेत सरगरने २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलले. कोपर दुखावलं, सुवर्ण एका किलोने हुकलं. या पातळीवर किलोकिलोचा हिशेब असतो. आपल्याकडे मात्र नवख्याच्या दांडीवर पहिल्याच आठवड्यात वीस-वीसच्या प्लेटा चढतात.

चिंचोळीतल्या कारखानदारांनी कॅन्टीनशेजारी एक रॅक आणि असा एक जाणता कोच ठेवायला काय हरकत आहे?