जपानी शिकावी, पण कोठवर?

पुण्यांत जपानी शिकणारांची आज वाण नाहीं. पांच पायऱ्यांची ती परीक्षा. तिच्या वरच्या पायऱ्या चढून मुलगा एखाद्या कंपनींत दुभाष्या झाला कीं आईबाप कृतकृत्य होतात. याला आमचा आक्षेप नाहीं. पोट कोणाला चुकलें आहे? परंतु त्याच मुलानें 'मला चीनच्या किंवा जपानच्या इतिहासांत, वाङ्मयांत डॉक्टरेट करावयाची आहे' असें म्हणतांच घरावर जी सुतकी कळा पसरते, तिला मात्र आमचा सक्त विरोध आहे. (मुलगी असेल तर विचारावयासच नको, तेथें वर्षें मोजलीं जातात तीं अभ्यासाचीं नव्हेत.)

'त्यांचा इतिहास त्यांनीं पाहावा, आपल्याला काय त्याचें?' असें विचारणारे सद्गृहस्थ एक गोष्ट विसरतात. सातव्या शतकांत ह्युएनत्संग दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रांत आला. येथील लोक उपकार न विसरणारे आणि अपमानाचा सूड उगवणारे आहेत, असें त्यानें लिहून ठेवलें. हें प्रशस्तिपत्र आपण आजही अभिमानानें मिरवतों. पण तें आपल्या हातीं आलें इंग्रजीच्या वाटेनें, १८८४ सालच्या बीलच्या भाषांतरासारख्या ग्रंथांतून. आपल्याच पूर्वजांविषयींची साक्ष, आणि साक्षीदाराची भाषा समजणारे आपल्यांत किती?

बरें, पुण्याला हा मार्ग अनोळखी आहे असेंही नाहीं. फर्ग्युसन कॉलेजांतील पालीचे प्राध्यापक पु. वि. बापट यांनीं हार्वर्ड येथें 'विमुत्तिमग्ग' व 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथांची तुलना हा विषय घेतला. 'विमुत्तिमग्गा'चें पाली मूळ लुप्त झालेलें. सहाव्या शतकांतील चिनी भाषांतरांत तो ग्रंथ संपूर्ण उरलेला. म्हणजे पालीच्या पंडिताला पालीसाठींच चिनी ग्रंथ उघडावा लागला! हा अभ्यास १९३७ सालीं पुण्यांतच ग्रंथरूपानें निघाला. पुढें 'समन्तपासादिका' या विनयटीकेच्या चिनी अवताराचें इंग्रजी भाषांतर बापटांनीं आकिरा हिराकावा या जपानी पंडिताबरोबर केलें, आणि भांडारकर संस्थेनें तें १९७० सालीं प्रसिद्ध केलें. असल्या कामांत पाली जाणणारा भारतीय जपानी पंडिताच्या मांडीला मांडी लावून बसतो. तेथें तो कोणाचा आश्रित नसतो.

मार्ग बिकट आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. जुनी ग्रांथिक चिनी आजच्या बोलीहून फार निराळी. तिच्यावरील पुष्कळसें उत्तम लेखन जपानींत. शिवाय स्वतःचें संस्कृत-पाली पक्कें हवें. पदवी हातीं येईतों पांच-सात वर्षें सहज जातात, आणि नंतरच्या जागा मोजक्या. परंतु पुण्याच्या ज्या मुलानें दोन हजारांच्या आसपास चिनी अक्षरें आधींच घोकलीं आहेत, त्यानें निम्मा घाट चढलेला असतो. त्याची ती विद्या आयुष्यभर यंत्रांच्या माहितीपत्रकांतच खर्चीं घालावयाची, हा कोठला व्यवहार? जपान सरकार संशोधक विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या देतें. त्यांकरितां अर्ज करण्यास कोणी बंदी केलेली नाहीं. आणि अमेरिकेंतील अभियांत्रिकीसाठीं राहतें घर गहाण टाकणारे गृहस्थ या एका विषयापुढेंच काटकसरी कां होतात, हें त्यांनींच आम्हांला सांगावें.

निदान एवढें तरी करा. मुलाच्या हातीं जपानीचें पुस्तक देतांना त्याचें संस्कृत सोडवूं नका.